मेचनिकॉफचं दही आणि आजींची नडगी

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग इथे २०१२ साली क्लारा श्योग्रेन, क्लेस ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही उंदरांची हाडं तपासली. हे उंदीर जन्मापासून निर्जंतुक पिंजऱ्यात वाढलेले. हवा गाळून दिलेली, खाणं-पाणी निर्जंतुक केलेलं. आयुष्यात एकाही जिवाणूशी गाठ पडलेली नाही. असल्या जिवाची हाडं कच्ची निघतील, असं आपल्याला वाटतं. ती निघाली साध्या उंदरांपेक्षा भरीव! मग त्यांच्या पोटात साध्या उंदरांच्या आतड्यातले जिवाणू सोडले, आणि काही आठवड्यांत हाडांची घनता चारचौघांसारखी झाली. हाड कुरतडणाऱ्या पेशी वाढल्या होत्या.

मी हाडांचा डॉक्टर नाही. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस. पण हे वाचलं तेव्हापासून हा विषय माझ्या मानगुटीवर बसला आहे. घरचे म्हणतात, जेवताना तरी आतड्यांबद्दल बोलू नका.

आधी रीतीप्रमाणे पार्श्वभूमी, झटपट. आपला सांगाडा म्हणजे सतत डागडुजी चाललेला जुना वाडा आहे. काही पेशी (ऑस्टिओक्लास्ट) जुनं हाड विरघळवतात, दुसऱ्या (ऑस्टिओब्लास्ट) नवं रचतात, आणि प्रौढ माणसाचा साधारण दहा टक्के सांगाडा दरवर्षी असा नवा होतो. तिशीच्या आसपास हाडं ऐन भरात असतात, नंतर पाडकाम बांधकामाला भारी पडू लागतं. बायकांमध्ये पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि हा तोटा एकदम वाढतो. फुलर ऑलब्राइट या अमेरिकन डॉक्टरांनी ते १९४० च्या सुमारास दाखवलं. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली आला की ऑस्टिओपोरोसिस म्हणायचं. पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे खुब्याचं हाड मोडण्याची वेळ साधारण दहा वर्षं आधी येते. एवढं पुरे.

आता माझ्या आवडत्या माणसाकडे वळतो. इल्या मेचनिकॉफ. आजच्या युक्रेनमधल्या खार्किव्हजवळ १८४५ साली जन्मलेला, तापट, दोनदा आत्महत्येचा प्रयत्न केलेला, दाढीत सदा बोटं अडकलेला प्राणिशास्त्रज्ञ. १८८२ साली तो सिसिलीतल्या मेसिना गावी राहत होता. एक दिवस घरची मंडळी सर्कशीतली माकडं बघायला गेली आणि हा एकटाच सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाच्या पारदर्शक अळ्या बघत बसला. त्यात इकडेतिकडे फिरणाऱ्या पेशी दिसल्या, आणि एकदम मनात आलं की यांचं काम संरक्षणाचं तर नसेल? मुलांसाठी नाताळचं झाड म्हणून सजवलेलं संत्र्याच्या जातीचं एक झुडूप होतं, त्याचे काटे काढून त्याने अळ्यांना टोचले. रात्रभर झोप नाही. सकाळी बघतो तर काट्याभोवती पेशींचा गराडा! जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींची कल्पना तिथून निघाली. पुढे १८८८ साली पाश्चरने त्याला पॅरिसला आपल्या संस्थेत जागा दिली आणि १९०८ साली पॉल एअरलिखबरोबर नोबेल मिळालं.

पॅरिसला नातेवाइकांकडे गेलो तेव्हा मी हट्टाने पाश्चर इन्स्टिट्यूट गाठलं. पर्यटक तिथे जातात ते तळघरातली पाश्चरची समाधी बघायला, आणि सोनेरी मोझेकचं ते काम आहेही देखणं. माझं मन मात्र ग्रंथालयाकडे लागलं होतं, कारण मेचनिकॉफचा अस्थिकलश तिथे ठेवलेला आहे. तिथवर काही पोचलो नाही. बरोबरच्यांनी घड्याळ दाखवलं.

नोबेलविजेता म्हणून मेचनिकॉफ पाठ्यपुस्तकात असतो. उतारवयातलं त्याचं वेड पाठ्यपुस्तकात नसतं. त्याचं म्हणणं असं की म्हातारपणी याच गिळणाऱ्या पेशी घरभेदी होतात आणि स्वतःचंच शरीर खाऊ लागतात. केस पांढरे होतात, कारण त्या केसातला रंग खातात. हाडं पोखरली जातात, कारण हाड विरघळवणारे ऑस्टिओक्लास्टही त्यांच्याच जातीचे. आणि त्यांना चिथावतं कोण? मोठ्या आतड्यात अन्न कुजवणारे जिवाणू आणि त्यांची विषं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी, ना जनुकं वाचता येत होती ना डेक्सा यंत्र होतं, तेव्हा या माणसाने आतड्यातले जिवाणू आणि म्हाताऱ्यांची हाडं एका ओळीत आणून ठेवली होती. मला हे थक्क करणारं वाटतं.

उपाय त्याने सुचवला दह्याचा. बल्गेरियातले शेतकरी आंबवलेलं दूध पितात आणि खूप जगतात, अशी त्याची समजूत. त्या दुधातला जिवाणू स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने १९०५ साली जिनिव्हात शोधलेला होताच. मेचनिकॉफ स्वतः रोज आंबट दूध प्यायचा आणि युरोपात दह्याची लाट आली. बार्सिलोनात आयझॅक कारासो यांनी १९१९ साली दही करायला घेतलं, मुलाच्या लाडक्या नावावरून त्याला ‘डॅनोन’ म्हटलं आणि ते औषधाच्या दुकानांतून विकलं. आपल्याकडे शेजारून वाटीभर विरजण आणून जे होतं, ते युरोपातल्या माणसाला केमिस्टकडे मिळत होतं! पण १९२०च्या सुमारास येल विद्यापीठात लिओ रेट्गर यांनी दाखवलं की बल्गेरियन दह्यातला तो जिवाणू आतड्यात मुक्काम करतच नाही. लाट ओसरली. मेचनिकॉफ १९१६ मध्येच ७१व्या वर्षी गेला होता.

आता त्याची वही तपासू. ऑस्टिओक्लास्ट गिळणाऱ्या पेशींच्या कुळातले आहेत, हे आज पक्कं झालं आहे. गुण पूर्ण. चिथावणीचं काय? अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या रोबेर्तो पाचिफिची यांच्या गटाने २०१६ साली उंदरांची लैंगिक संप्रेरकं बंद पाडली, म्हणजे पाळी गेल्यासारखी स्थिती आणली. साध्या उंदरांची हाडं झपाट्याने झिजली. निर्जंतुक उंदरांची झिजली नाहीत. संप्रेरक गेलं की आतड्याचं अस्तर सैल पडतं, जिवाणूंचे अंश पलीकडे झिरपतात, तिथल्या संरक्षक टी-पेशी खवळतात, टीएनएफ आणि आयएल-१७ ही दाहक रसायनं सोडतात, आणि ती हाड कुरतडणाऱ्यांना कामाला लावतात. हाडांच्या नाशाला सुरुवात पोटातून! काही उंदरांना एलजीजी नावाचा लॅक्टोबॅसिलस दिला, तेव्हा झीज टळली. इथेही मेचनिकॉफला बरेच गुण द्यावे लागतात.

एका ठिकाणी तो साफ चुकला. त्याला मोठं आतडंच निरुपयोगी वाटायचं, आणि त्याच काळात लंडनचे सर्जन आर्बथनॉट लेन खरोखरच लोकांची मोठी आतडी कापून काढत होते. आता कळतं की डाळी, भाज्या, कोंडा यांतला आपल्याला न पचणारा धागा तिथले जिवाणू आंबवतात आणि ब्युटिरेट, प्रोपिओनेट अशी आम्लं करतात. जर्मनीतल्या एर्लांगेनमधल्या गटाने २०१८ साली उंदरांत दाखवलं की ही आम्लं ऑस्टिओक्लास्टना आवरतात. हार्वर्डमधल्या २०१६च्या कामात तर असं दिसलं की निर्जंतुक उंदरांना जिवाणू दिल्यावर सुरुवातीला हाड झिजलं, पण काही महिन्यांनी नवं हाडही जास्त घडू लागलं. म्हणजे सरसकट शत्रूही नाहीत आणि मित्रही नाहीत. कोण आहेत, किती आहेत आणि त्यांना आपण खायला काय घालतो, सगळा मामला असा आहे.

उंदीर पुरे, माणसांकडे येऊ. गोथेनबर्गलाच मॅटिआस लोरेंट्झन आणि मंडळींनी ७५ ते ८० वयाच्या, हाडांची घनता कमी असलेल्या ९० आज्या निवडल्या. अर्ध्यांना वर्षभर रोज लॅक्टोबॅसिलस रॉयटेरीची एक जात दिली, अर्ध्यांना नुसतीच भुकटी. २०१८ साली निकाल आला. नडगीच्या हाडाची घनता भुकटीवाल्यांत १.८५ टक्के घटली, जिवाणूवाल्यांत ०.८३ टक्के. झीज निम्म्याहून कमी! मी ओळखीच्या सगळ्यांना फोन केले.

मग २०२४ साली त्याच गोथेनबर्गहून दुसरा निकाल आला. हाच जिवाणू, पाळी नुकतीच गेलेल्या २३९ बायका, दोन वर्षं. फरक शून्य. फोन केलेल्यांपैकी दोघांनी आठवणीने विचारलं, ‘काय झालं हो तुमच्या त्या जिवाणूचं?’ माझा तर्क असा: पन्नाशीत हाडाचा तोटा मुख्यतः संप्रेरकांच्या ओढीने होतो आणि तो लोंढा एक जिवाणू अडवू शकत नाही, पंचाहत्तरीत अंगात सावकाश धुमसणारा दाह मोठा भागीदार असतो, तिथे त्याला काही करता येत असावं. हा तर्कच आहे, आणि नव्वद आज्या म्हणजे फार नव्हेत. तेव्हा दुकानातल्या महागड्या कॅप्सूल हाडांसाठी घेण्याची घाई करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. डॉक्टरांनी दिलेली हाडांची औषधं बंद करून दह्यावर विसंबणं तर शुद्ध वेडेपणा.

दह्याची बाजू घ्यायला एक मोठा पुरावा आहे, पण तो जिवाणूंचा नाही. ऑस्ट्रेलियातल्या ६० वृद्धाश्रमांत सात हजारांवर रहिवाशांचा अभ्यास झाला. निम्म्या आश्रमांत दूध, दही, चीज वाढवलं, तिथे हाडं मोडण्याचं प्रमाण ३३ टक्क्यांनी आणि खुब्याचं ४६ टक्क्यांनी कमी झालं. २०२१ साली हे ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. श्रेय कॅल्शियम आणि प्रथिनांना. आमच्याकडची म्हातारी माणसं चहा-पोळीवर दिवस काढतात, दुधाचं नाव काढलं की ‘वाताला वाईट’ म्हणतात, त्यांच्यासमोर हे कात्रण ठेवावं.

पुण्याचा उल्लेख केल्याशिवाय मला राहवत नाही. तिथल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी एक सुरेख युक्ती केली. म्हाताऱ्यांचे आणि तरुणांचे जिवाणू ताडून बघायचे तर दोघांचं खाणंपिणं आणि घर वेगळं असतं, मग फरक वयाचा की ताटाचा? त्यांनी एकत्र कुटुंबं घेतली. एकच छप्पर, एकच स्वयंपाक, तीन पिढ्या. २०१२ साली त्यांनी छापलं की अशा घरातही वयानुसार आतड्यातल्या जिवाणूंचं प्रमाण बदलतं. कुटुंबं दोनच होती, पण कल्पना अस्सल इथली. गोथेनबर्गचे उंदीरही त्याच वर्षीचे! अशाच घरांमधल्या आजोबा-आजींची डेक्सा आणि शौचनमुने बरोबरीने तपासावेत, असं मला फार वाटतं. नाचणीची भाकरी खाणारी घरं त्यात हवीतच: शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, वर जिवाणूंना चघळायला धागा.

तोवर धाग्याच्या बाजूने जमेला आहेत ती सुकी आलुबुखारं, इंग्रजीत प्रून म्हणतात ती. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाने २३५ बायकांवर वर्षभर प्रयोग केला आणि २०२२ साली निकाल दिला. रोज ५० ग्रॅम, म्हणजे पाच-सहा फळं खाणाऱ्यांच्या खुब्याची घनता टिकली. न खाणाऱ्यांची घटली. त्यात जिवाणूंचा वाटा किती, यावर त्याच गटाने पुढे काम केलं. तिसऱ्या गटाला रोज १०० ग्रॅम खायची होती. त्यातल्या ४१ टक्के बायका वर्ष संपायच्या आत प्रयोग सोडून गेल्या, आणि का, ते प्रून खाल्लेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.