शीड नसलेले शिडाचे जहाज

वहीच्या कागदाची चार-पाच सेंटिमीटर व्यासाची नळी करून चिकटवा. टेबलावर एक फळी उतरती ठेवा. तिचे खालचे टोक टेबलाच्या कडेशी येऊ द्या. आता नळी फळीवरून घरंगळत सोडा. कडेवरून सुटल्यावर ती पुढे जाऊन पडेल असे वाटते. प्रत्यक्षात ती हवेत वळते आणि मागे, टेबलाच्या दिशेने येते.

असे का होते? नळी खाली पडते, म्हणजे तिच्याभोवतीची हवा तिच्या मानाने वर जाते. शिवाय फिरणारा पृष्ठभाग आपल्यालगतची हवा ओढून नेतो. नळीची टेबलाकडची बाजू वर, म्हणजे हवेच्याच दिशेने जाते. तेथे हवेचा वेग वाढतो व दाब कमी होतो. दुसऱ्या बाजूला याच्या उलट घडते. दाबातील या फरकामुळे नळी हवेच्या प्रवाहाला काटकोनात ढकलली जाते. हाच मॅग्नस परिणाम.

अंतोन फ्लेट्नर या जर्मन अभियंत्याने १९२४ मध्ये ‘बुकाऊ’ जहाजावर शिडांऐवजी सुमारे १५ मीटर उंचीचे दोन पोकळ खांब, म्हणजे रोटर, उभे केले. मोटारीने ते फिरत. वारा बाजूने आला की जहाज पुढे ढकलले जाई. १९२६ मध्ये ते अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला पोहोचले. पण तेव्हा तेल स्वस्त होते; कल्पना मागे पडली.

आज हिशेब बदलला आहे. जगातील हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात जहाजांचा वाटा सुमारे ३ टक्के आहे. तो २०५० च्या सुमारास निव्वळ शून्यावर आणण्याचे ध्येय आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ मध्ये ठरवले. २०१८ मध्ये ‘मर्स्क पेलिकन’ या तेलवाहू जहाजावर ३० मीटर उंचीचे दोन रोटर बसवले गेले. पहिल्या वर्षात सुमारे ८ टक्के इंधन वाचले.

रोटर इंजिनाची जागा घेत नाही. तो फिरवायला वीज लागते आणि वारा समोरून आला तर त्याचा उपयोग नाही. पण मिथेनॉल, अमोनिया यांसारखी इंधने स्वच्छ रीतीने तयार करायलाही भरपूर ऊर्जा खर्च होते. म्हणून जे इंधन जाळावेच लागले नाही, तेच सर्वांत स्वच्छ.

वर्गात एक प्रश्न जरूर विचारा: वारा डावीकडून येण्याऐवजी उजवीकडून येऊ लागला, तर रोटरचे काय करावे लागेल? नळीचा प्रयोग नीट पाहिलेल्यांना उत्तर सापडेल.