एचटीआय (उद्योगसमूह)

एचटीआय (हाय टेक्नॉलॉजी इंडस्ट्रीज) हा रोपवे, स्की-लिफ्ट, बर्फ समतल करणारी वाहने व कृत्रिम बर्फ तयार करणारी यंत्रे बनवणारा इटलीतील उद्योगसमूह आहे. त्याचे मुख्यालय इटलीच्या उत्तर सीमेलगतच्या दक्षिण तिरोल प्रांतात श्टेर्झिंग (इटालियन नाव: विपितेनो) येथे आहे. लाइटनर, पोमा, बार्थोलेट, प्रिनोथ, डेमाकलेंको आणि लाइटविंड या समूहातील प्रमुख कंपन्या होत. रोपवे-निर्मितीत ऑस्ट्रियातील डॉपेलमायर हा त्याचा मुख्य प्रतिस्पर्धी मानला जातो.

इतिहास

गाब्रिएल लाइटनर यांनी १८८८ साली श्टेर्झिंग येथे यंत्रनिर्मितीचा कारखाना सुरू केला. त्या वेळी हा प्रदेश ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होता. पहिल्या महायुद्धानंतर तो इटलीकडे आला. कारखान्यात शेतीची यंत्रे, जलटर्बाइन, लाकूड कापण्याची यंत्रे आणि मालवाहू रोपवे तयार होत. दुसऱ्या महायुद्धानंतर आल्प्स पर्वतात स्कीइंगसाठी येणाऱ्या पर्यटकांची संख्या वाढू लागली आणि कंपनीचे लक्ष प्रवासी वाहतुकीकडे वळले. १९४७ मध्ये तिने डोलोमाइट पर्वतातील कोर्वारा येथे खुर्च्यांचा रोपवे उभारला.

याच सुमारास फ्रान्समध्ये पोमा ही कंपनी आकाराला आली. पोलंडमध्ये जन्मलेले अभियंते याँ पोमागाल्स्की यांनी १९३० च्या दशकात आल्प द्युएझ येथे स्कीपटूंना चढावर ओढून नेणारी लिफ्ट बनवली. फिरत्या दोराला जोडलेल्या दांडीच्या टोकाला चकती असे. ती पायांमध्ये धरून स्कीपटू बर्फावरून घसरत वर जात. १९४७ मध्ये त्यांनी कंपनी स्थापन केली.

१९९३ मध्ये मायकेल सीबर यांनी लाइटनरची सूत्रे हाती घेतली. २००० साली पोमा आणि प्रिनोथ या दोन्ही कंपन्या लाइटनरशी जोडल्या गेल्या. प्रिनोथचे संस्थापक एर्न्स्ट प्रिनोथ हे मोटारशर्यतपटूही होते. त्यांनी १९५१ मध्ये ओर्तिसेई येथे कार्यशाळा काढली आणि १९६० च्या दशकात बर्फावर चालणारी वाहने विकसित केली. २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बार्थोलेट ही रोपवे कंपनीही समूहात आली.

तंत्रज्ञान

गोंडोला प्रकारच्या आधुनिक रोपवेत एकच दोर अखंड फिरत असतो आणि केबिन त्याला पकड-यंत्रणेने जोडलेल्या असतात. केबिन स्थानकात शिरताच पकड सुटते, तिची गती अगदी मंद होते आणि प्रवासी चढ-उतार करतात. त्यानंतर तिला पुन्हा वेग देऊन दोराला जोडले जाते. त्यामुळे मार्गावर सेकंदाला पाच ते सहा मीटरचा वेग ठेवूनही चढणे-उतरणे सोपे राहते.

लाइटनरने २००० च्या सुमारास गिअरपेटीविना चालणारी थेट-चालित यंत्रणा आणली. तीत मंद फिरणारी मोठी मोटार दोराचे चाक थेट फिरवते. फिरणारे सुटे भाग कमी झाल्याने आवाज आणि झीज घटते. हेच तत्त्व उलट दिशेने वापरून, म्हणजे फिरणाऱ्या पात्यांपासून वीज मिळवण्यासाठी, समूहाने लाइटविंड या नावाने पवनचक्क्या बनवल्या.

कृत्रिम बर्फ आणि हवामानबदल

स्की-लिफ्टची मागणी बर्फावर अवलंबून असते. आल्प्समध्ये कमी उंचीवरील उतारांवर नैसर्गिक बर्फाचा हंगाम आखूड होत चालल्याने अनेक स्की-केंद्रे कृत्रिम बर्फाचा आधार घेतात. समूहातील डेमाकलेंको ही कंपनी त्यासाठी यंत्रे पुरवते. या यंत्रांतून पाण्याचे सूक्ष्म तुषार थंड हवेत फवारले जातात आणि जमिनीवर पडेपर्यंत ते गोठतात. हवा कोरडी असल्यास ही क्रिया सुलभ होते, तर दमट हवेत अधिक थंडी लागते. तापमान वाढते तसतशी अशा यंत्रांची गरज वाढते; मात्र ती चालवता येतील असे थंड तास कमी होतात. या प्रक्रियेत पाणी व वीज मोठ्या प्रमाणावर लागत असल्याने पर्यावरणाच्या दृष्टीने तिच्यावर टीकाही होते.

शहरी वाहतूक

पर्वतीय पर्यटनाबाहेर समूहाचे महत्त्वाचे क्षेत्र म्हणजे शहरी वाहतूक. कोलंबियातील मेदेयिन शहरात २००४ मध्ये पोमाने बांधलेला रोपवे मेट्रोला जोडण्यात आला. डोंगरउतारावरील दाट वस्त्यांत रस्ते अरुंद आणि चढ तीव्र असल्याने बस वा रेल्वे नेणे अवघड होते. रोपवेला मात्र खांब आणि स्थानकांपुरतीच जागा लागते. पुढे मेक्सिको सिटीत लाइटनरने, तर फ्रान्समधील तुलूझ शहरात पोमाने असे मार्ग उभारले.

मोत्तारोने दुर्घटना

२३ मे २०२१ रोजी उत्तर इटलीतील माज्जोरे सरोवराजवळ मोत्तारोने पर्वतावरील रोपवेचा कर्षण-दोर तुटला. अशा प्रसंगी केबिन वाहक-दोरावरच थांबवणारा आपत्कालीन ब्रेक निष्क्रिय करून ठेवलेला असल्याने ती वेगाने मागे घसरून कोसळली. १४ जणांचा मृत्यू झाला. केवळ एक लहान मुलगा वाचला. हा रोपवे १९७० पासून अस्तित्वात होता. त्याचे संचालन स्थानिक कंपनीकडे, तर देखभालीचे कंत्राट लाइटनरकडे होते. या घटनेनंतर रोपवेच्या सुरक्षिततेत यंत्रणेइतकेच तिच्या दैनंदिन वापराचे आणि देखरेखीचे महत्त्व अधोरेखित झाले.

भारतातील प्रकल्प

जम्मू-काश्मीरमधील गुलमर्ग गोंडोला पोमाच्या तंत्रज्ञानावर उभारलेला आहे. त्याचा पहिला टप्पा १९९८ मध्ये, तर अफरवट शिखराकडे जाणारा दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला. उत्तर प्रदेशात वाराणसी कँट रेल्वे स्थानक ते गोदौलिया या सुमारे पावणेचार किलोमीटरच्या शहरी रोपवेची पायाभरणी मार्च २०२३ मध्ये झाली. या प्रकल्पात बार्थोलेटचा तांत्रिक सहभाग आहे.