फिलर घातल्यावर प्लास्टिक घट्ट का वाहतं?

आता फिलरकडे येऊ. पॉलिप्रॉपिलीनमध्ये कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे खडूच्या जातीची, पूड घातली की वितळलेल्या मालाची श्यानता, आपण व्हिस्कॉसिटी म्हणतो ती, वाढते. का? तर कण स्वतः ताणला जात नाही. त्याच्या वाटची हालचाल भोवतालच्या प्लास्टिकला करावी लागते. विरळ, गोल कणांसाठी आइन्स्टाईनचं सूत्र आहे, 1911 साली दुरुस्त केलेलं: कण जितके टक्के जागा व्यापतील, त्याच्या अडीचपट टक्के श्यानता वाढते.

इथं वजन आणि आकारमान यांची गल्लत करू नका. खडूची घनता 2.7, पॉलिप्रॉपिलीनची 0.9. म्हणून वजनानं 40 टक्के पूड आकारमानानं साधारण 18 टक्केच भरते. सूत्रानं वाढ 45 टक्के येते. प्रत्यक्षात ती जास्त असते, कारण एवढ्या गर्दीत कण एकमेकांच्या वाटेत येतात. पूड बारीक असेल तर गुठळ्याही होतात. त्यासाठी कणांना स्टिअरिक आम्लाचा लेप देतात.

आता कामाची गोष्ट. मेल्ट फ्लो इंडेक्स मोजताना माल 2.16 किलो वजनाखाली सावकाश सरकतो, तिथं फिलरचा अडथळा पुरेपूर दिसतो. मोल्डिंगमध्ये तोच माल अरुंद गेटमधून जोरात जातो, वेगामुळे पातळ होतो, आणि फरक बराच कमी होतो. म्हणून नुसता तो आकडा पाहून बॅरलचं तापमान चढवू नका. साचा भरेल हो, पण साखळ्या तुटून वस्तू ठिसूळ होईल. आधी इंजेक्शनचा वेग वाढवून पाहा.