एमसीए: तीन वर्षांची दोन झाली त्यानंतर

नव्वद मिनिटं, शंभर प्रश्न, दोनशे गुण. महाराष्ट्रात एमसीएला प्रवेश हवा असेल तर ही सीईटी द्यावी लागते. गणित आणि संख्याशास्त्राचे तीस प्रश्न, तर्कबुद्धीचे तीस, इंग्रजीचे वीस, कम्प्युटरचे वीस. परीक्षा केंद्राबाहेरच्या रांगेत एकामागे एक उभ्या असलेल्या दोघांची तयारी मात्र पार निराळी असते. एकाने बीसीए करताना तीन वर्षं सी, जावा आणि डेटाबेस हाताळलेले असतात. त्याच्या मागच्या मुलीने बीकॉम केलेलं असतं. ताळेबंद, आयकर, ऑडिट तिला नीट येतं. गणिताशी मात्र बारावीनंतर फारसा संबंध उरलेला नसतो. २०२० पूर्वी तिला ही पदवी मिळवायला तीन वर्षं मिळाली असती आणि बीसीएवाला थेट दुसऱ्या वर्षाला बसला असता. आता दोघांनाही दोनच वर्षं, एकच वर्ग आणि एकच वेळापत्रक.

माहिती तंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर शिक्षणाला आपल्याकडे बऱ्याच वाटा आहेत. एमटेक आहे, एमएस्सी कम्प्युटर सायन्स आहे, मुंबई विद्यापीठाची एमएस्सी आयटी आहे, परदेशातलं एमएस आहे. पण बारावीला इंजिनिअरिंगची वाट ज्यांच्या हातून सुटली, किंवा ज्यांना ती परवडलीच नाही, त्यांच्यासाठी मुद्दाम आखलेली पदवी म्हणजे एमसीए. म्हणून तिच्या बाबतीत काय घडतं आहे, याकडे जरा थांबून पाहायला हवं.

या पदवीचं मूळ शोधायला कानपूरला जावं लागतं. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने टिफ्रॅक हा संगणक स्वतः बांधला होता. १९६० मध्ये तो चालू झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नामकरण केलं. पण तो शास्त्रज्ञांच्या संशोधनासाठी होता. विद्यार्थ्यांच्या हाती संगणक दिला तो आयआयटी कानपूरने. ऑगस्ट १९६३ मध्ये तिथे आयबीएम १६२० येऊन पोहोचला, आणि प्रा. वैद्येश्वरन राजारामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातले प्राध्यापक आणि संशोधक बोलावून प्रोग्रॅमिंगचे दहा-दहा दिवसांचे वर्ग भरवले. १९६५ मध्ये एमटेकच्या विद्यार्थ्यांना कम्प्युटर सायन्स घेऊन शिकता येऊ लागलं. बीटेक बऱ्याच वर्षांनी आलं. म्हणजे आपल्या देशात संगणकाचं रीतसर शिक्षण पदव्युत्तर पातळीवरून सुरू झालं आणि मग खाली उतरलं. आजच्या पिढीला ही गोष्ट उलटी वाटेल.

पुढे, देशाला लागणारे संगणक जाणकार एकट्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून मिळणार नाहीत हे दिसू लागलं, तेव्हा एमसीएची कल्पना पुढे आली. तिच्यामागेही राजारामन होते. गणिताची बैठक असलेला कोणत्याही शाखेचा पदवीधर घ्यायचा आणि त्याला तीन वर्षं पायापासून शिकवायचं, असा तिचा साधा हिशेब होता. ऐंशीच्या दशकात ही पदवी देशभरातल्या विद्यापीठांत रुजली. पुणे विद्यापीठाचा संगणकशास्त्र विभाग १९८० चा; माटुंग्याचं व्हीजेटीआय, गोवा विद्यापीठ, आणि नंतर जिल्ह्याजिल्ह्यांतली खासगी महाविद्यालयं अशी तिची वाट पसरत गेली.

२०२०-२१ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने ती दोन वर्षांची केली. बीसीए आणि बीएस्सी कम्प्युटर सायन्स झालेले विद्यार्थी वाढले होते. त्यांना पहिल्या वर्षात शिकलेलंच पुन्हा शिकावं लागू नये, हे बरोबरच होतं. एक वर्षाची फी वाचली, वसतिगृहाचा खर्च वाचला. कर्ज काढून मुलाला शहरात ठेवणाऱ्या घराला ही बचत फार मोठी असते. पण जे वर्ष गेलं ते नेमकं त्या बीकॉमच्या मुलीचं होतं. त्याच्या जागी ब्रिज कोर्स आला. तो कसा घ्यायचा हे विद्यापीठांवर सोपवलेलं आहे, आणि तिथेच सगळा फरक पडतो. जिथे प्राध्यापक मनावर घेतात तिथे मुलं तरून जातात. जिथे नियमित तासांच्या आधी-नंतर घाईत दोन-चार विषय उरकले जातात, तिथे पॉइंटर म्हणजे काय हे कळायच्या आत लिंक्ड लिस्टचं प्रॅक्टिकल येतं. मग पहिल्या सत्रात केटी लागते, आणि ती सोडवण्यात दुसरं सत्र जातं.

खरं तर ही मुलगी वर्गात रिकाम्या हाताने येत नाही. डेटाबेसचाच विषय घ्या. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती तक्त्यांच्या रूपात मांडण्याची रीत सुचवली, आणि तिच्यासोबत नॉर्मलायझेशन नावाचा धडा आला. बहुतेक विद्यार्थी त्याच्या व्याख्या पाठ करतात. पण किराणा दुकानाची उधारीची वही डोळ्यांपुढे आणली तर तो सरळ कळतो. दर नोंदीला गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता आणि फोन नंबर पुन्हा लिहिला, तर तो घर बदलेल तेव्हा चाळीस ठिकाणी खाडाखोड करावी लागेल आणि एखादी जागा सुटेलच. म्हणून गिऱ्हाइकांची यादी वेगळी, उधारीच्या नोंदी वेगळ्या, आणि दोन्हींना जोडणारा एक खाते क्रमांक. ज्याने खतावणी लिहिली आहे त्याला हे नव्याने सांगावं लागत नाही. ट्रान्झॅक्शनचंही तेच. एका खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्यात जमा होण्याआधी वीज गेली, तर पहिली नोंदही रद्द झाली पाहिजे, हा नियम द्विनोंदी पद्धत शिकलेल्या मुलीच्या अंगवळणी पडलेला असतो. बँका, विमा कंपन्या आणि दुकानांची सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या उद्योगाला अशी माणसं हवीच असतात. तिचं अडतं ते रिकर्शनपाशी, ऑपरेटिंग सिस्टिममधल्या डेडलॉकपाशी, अल्गोरिदमला किती वेळ लागेल हे मोजण्यापाशी. या गोष्टी समजायला बुद्धीपेक्षा वेळ अधिक लागतो. रोज थोडं, चुकत-माकत, स्वतःच्या हाताने प्रोग्रॅम लिहून त्या येतात.

दुसरी अडचण भाषेची. यातली एक गोष्ट मराठी वाचकाला अभिमानाची आहे. या अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत आपल्याकडची नावं ठळक आहेत. डेटाबेसचं जगभर वापरलं जाणारं पाठ्यपुस्तक सिल्बरशॅट्झ आणि कॉर्थ यांच्यासोबत आयआयटी मुंबईच्या प्रा. एस. सुदर्शन यांनी लिहिलं आहे. ‘लेट अस सी’ हे नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं. सी भाषा शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी ते हाताळलं. ऑपरेटिंग सिस्टिम्सवर अच्युत गोडबोले यांचं आणि क्रिप्टोग्राफीवर अतुल कहाते यांचं पुस्तक आहे. हे दोघे मराठीतही भरपूर लिहितात. तरीही वर्गातलं शिकवणं, जर्नल, ओरल आणि पुढची मुलाखत सगळं इंग्रजीत असतं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला उत्तर येत असतं, पण ते इंग्रजीत मांडेपर्यंत बाहेरून आलेले परीक्षक पुढच्या प्रश्नावर गेलेले असतात. ज्या शिक्षकांना हे उमगलं आहे ते तासाला संकल्पना मराठीत समजावतात आणि उत्तर इंग्रजीत द्यायचा सराव करून घेतात. असे शिक्षक मिळणं हा आज बराचसा नशिबाचा भाग आहे, आणि तो तसा असू नये.

राष्ट्रीय पातळीवर एनआयटींमधल्या एमसीएसाठी निमसेट ही परीक्षा असते. तिच्या १,००० गुणांपैकी ६०० एकट्या गणिताला आहेत. तयारी वर्षभर आधी सुरू केली नाही तर तिथे निभाव लागत नाही. एमटेकची वाट गेटमधून जाते: तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण, मिळालेला स्कोअर तीन वर्षं चालतो. गेटच्या जोरावर एमटेकला आलेल्या पात्र विद्यार्थ्याला महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. बाहेरच्या पगारांपुढे ही रक्कम लहान दिसते, पण फीचं ओझं असलेल्या एमसीएच्या विद्यार्थ्याला ती स्वप्नासारखी वाटते. २०२४ पासून गेटमध्ये डेटा सायन्स आणि आर्टिफिशियल इंटेलिजन्सचा वेगळा पेपर आला आहे.

पुण्यात या सगळ्याच्या शेजारी एक तिसरी रांग असते, सीडॅकची. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक देणाऱ्या या संस्थेचा सहा महिन्यांचा, ९०० तासांचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. ही पदवी नव्हे, पण बीई आणि एमसीए झालेली मुलंही तो करतात. सकाळी लेक्चर, दुपारी लॅब, रात्री अभ्यासिका आणि आठवड्याच्या परीक्षा. पदवी हातात असताना पुन्हा पैसे भरून मुलं तिथे जातात, कारण भरपूर तास आणि नेमाने केलेला सराव त्यांना तिथे मिळतो. पदवीच्या वर्गात हे का मिळू नये, हा प्रश्न विद्यापीठांनी स्वतःला विचारायला हवा.

परदेशाबद्दल थोडंच. अमेरिकेत एमएस केल्यावर विद्यार्थ्याला बारा महिने आणि तंत्रज्ञानाच्या शाखांना आणखी चोवीस महिने काम करता येतं. त्यापुढे एच-१बी व्हिसाची सोडत असते. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांसाठी मालकावर एक लाख डॉलरचं शुल्क लावण्याची घोषणा झाली, तेव्हा शैक्षणिक कर्जाच्या फाइली तयार ठेवलेल्या कित्येक घरांत धाकधूक सुरू झाली. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, म्हणून ओढा तिकडे वाढतो आहे. आणि घर न सोडता शिकायचं तर जॉर्जिया टेकने जानेवारी २०१४ मध्ये सुरू केलेला ऑनलाइन मास्टर्स आहे. तो सुमारे सात हजार डॉलरमध्ये पूर्ण होईल असा आखलेला होता. नोकरी सांभाळून रात्री शिकणाऱ्यांसाठी इग्नूचं एमसीएही आहे.

एमसीएचं चौथं सत्र बहुतेक ठिकाणी प्रोजेक्ट किंवा इंटर्नशिपचं असतं. म्हणजे वर्गात बसून शिकायला जेमतेम तीन सत्रं उरतात, आणि तिसऱ्यात प्लेसमेंटची धांदल सुरू झालेली असते. मुलं सकाळी ॲप्टीचे पेपर सोडवतात आणि दुपारी हिंजवडीच्या बसमध्ये मुलाखतीची उजळणी करतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून प्रोजेक्टचा कोड मिळवणं सोपं झालं, आणि तो समजला आहे का हे तपासणं आणखी गरजेचं. ओरलला ‘ही ओळ काढली तर काय होईल?’ एवढं विचारलं तरी काम कोणाचं ते कळतं. ज्याचा पाया पक्का आहे त्याला ही साधनं मदत करतात. ज्याला पाया घालायला वेळच मिळाला नाही, त्याच्या हाती चालणारा प्रोग्रॅम असतो आणि तो का चालतो हे त्याला सांगता येत नाही.

तिसरं वर्ष परत येईल अशी चिन्हं नाहीत. पण वेळ अजून सापडू शकतो. एमसीएची सीईटी २०२४ मध्ये १४ मार्चला झाली, २०२५ मध्ये २३ मार्चला. कॅप राउंड आटोपून वर्ग भरायला ऑगस्ट उजाडतो, कधी सप्टेंबरही. मधल्या काळात पदवीच्या शेवटच्या परीक्षा असतात, पण त्या संपल्यावर हातात दीड-दोन महिने उरतात. ब्रिज कोर्स तेव्हा घेता येईल: सीईटी दिलेल्या कोणालाही, कुठे प्रवेश मिळणार हे ठरायच्या आधी, घराजवळच्या महाविद्यालयात, गरज पडेल तिथे मराठीतून. सी भाषा, थोडं गणित, रोज दोन तास हाताने प्रोग्रॅम लिहिणं. बीकॉमची मुलगी जूनमध्ये निकालाची वाट पाहत घरीच असते, आणि तालुक्याच्या कॉलेजची कम्प्युटर लॅबही त्या दिवसांत कुलूपबंद असते.