काचेतलं बाळ आणि दोन फाट्यांचा जंतू

बसा पोरांनो. आज गोष्ट बाळाची, पण सुरुवात केळीपासून.

रावेर-यावलकडे टिश्यूकल्चरची केळी लावतात ना, ती रोपं आधी प्रयोगशाळेत बंद बाटलीत वाढतात. आत एकही जंतू नसतो. तिथून काढून थेट उन्हात लावलं, तर रोप मान टाकतं. म्हणून आधी शेडनेटमध्ये त्याला हळूहळू सोसायला लावतात.

सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचं असंच. धुळ्या-जळगावात लोक म्हणतात, ‘बाळ काचेत ठेवलंय,’ म्हणजे काचेच्या उबदार पेटीत. किलो-सव्वा किलोचा जीव. कातडी इतकी पातळ, की खालच्या शिरा दिसतात. ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ बसत नाही, म्हणून बारीक नळीतून दूध थेट पोटात सोडतात.

त्या पोटातच खरी गंमत आहे. आतडं जवळजवळ कोरं असतं. पुऱ्या दिवसांच्या बाळाला आईकडून चांगले जंतू मिळतात. याला मात्र अँटिबायोटिक्स द्यावी लागतात, आईपासून दूर राहावं लागतं. मग क्लेबसिएलासारखे दांडगट जंतू आधी घुसतात. कधी आतड्याला सूज येते, त्याचा भाग मरतो. डॉक्टर त्याला एनईसी म्हणतात. फार वाईट दुखणं.

आता नवल ऐका. आईच्या दुधात दोनशेच्या आसपास अशा साखरा असतात, ज्या बाळाला पचतच नाहीत! मग आईचं शरीर त्या करतं कुणासाठी? जंतूंसाठी. 1899 मध्ये पॅरिसच्या आँरी तिसिए यांना अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीमध्ये दोन फाटे फुटलेला एक जंतू सापडला, बायफिडोबॅक्टेरियम. त्याची इन्फँटिस नावाची जात या साखरांवर पोसते, आम्ल तयार करते, आणि त्या आम्लात दांडगटांना पाय रोवता येत नाहीत.

आईला दूध आलं नाही तर? 1989 मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईच्या सायन हॉस्पिटलात आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली. दान आलेलं दूध 62.5 अंशांवर अर्धा तास तापवतात. जंतू मरतात, पण त्या साखरा टिकतात. मला तर हे फार मोठं काम वाटतं.

चांगले जंतू बाहेरूनही देता येतात. ओडिशाच्या खेड्यांतल्या साडेचार हजारांवर नवजात बाळांवर असा प्रयोग झाला. गंभीर जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून 40 टक्क्यांनी घटले, हे 2017 मध्ये छापून आलं. पण ती बाळं दोन किलोंची किंवा त्याहून मोठी होती. अगदी इवल्या बाळांना असे जंतू देताना धोकाही असतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2023 मध्ये दिला. तेव्हा मेडिकलमधून स्वतःच्या मनाने पावडर आणायची नाही.

नात्यात कुणाचं बाळ काचेत असेल, तर त्या माउलीला एवढं जरूर सांगा: चिकाचं दूध पिळून टाकू नकोस, थेंबभर निघालं तरी स्वच्छ वाटीत काढून सिस्टरकडे दे. आणि घरच्या थोरांना सांगा, मध-घुटी बाळाच्या ओठाला लावू नका.