मोतीबिंदू शस्त्रक्रियेनंतरचा दाह : संसर्ग की विषजन्य प्रतिक्रिया?

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976 मध्ये सुरू झाला. मोतीबिंदूची मोफत शस्त्रक्रिया हा त्याचा कणा होय. तथापि, छत्तीसगडमध्ये 2011 साली बालोद येथील शिबिरानंतर चाळीसहून अधिक रुग्णांनी दृष्टी गमावली. ऑक्टोबर 2024 मध्ये दंतेवाडा जिल्हा रुग्णालयातील शस्त्रक्रियांनंतर डोळ्यांत संसर्ग झालेल्या रुग्णांना रायपूरच्या डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालयात हलवावे लागले. असा संसर्ग वेळीच ओळखणे अत्यावश्यक असते. परंतु शस्त्रक्रियेनंतरचा प्रत्येक दाह संसर्गजन्य नसतो.

‘टॉक्सिक अँटिरिअर सेगमेंट सिंड्रोम’ अर्थात ‘टास’ ही जंतूंविना होणारी प्रतिक्रिया आहे. उपकरणांवर उरलेला साबणाचा अंश, द्रावणातील परिरक्षके किंवा जंतूंच्या मृत पेशींतील आंतरविष डोळ्याच्या पुढील भागात गेल्याने ती उद्भवते. ऑटोक्लेव्हमध्ये जंतू मरतात. आंतरविष मात्र शिल्लक राहू शकते. म्हणजेच निर्जंतुक वस्तू निर्विष असेलच असे नाही. अमेरिकेत 2005 मध्ये आढळलेल्या अशा रुग्णसमूहाचा संबंध आंतरविषयुक्त द्रावणाशी जोडला गेला.

‘टास’ची लक्षणे साधारणतः 12 ते 48 तासांत दिसतात. संपूर्ण पारपटलावर सूज येते, वेदना मात्र सहसा कमी असतात. जंतुसंसर्ग म्हणजे एंडोफ्थॅल्मायटिस बहुधा दोन ते सात दिवसांत प्रकट होतो. त्यात वेदना अधिक असतात आणि डोळ्याच्या मागील काचाभ द्रवातही दाह पसरतो. पुढील भागात पू साचल्यासारखा पांढरा थर दोहोंतही दिसू शकतो, म्हणूनच गल्लत होते.

उपचारांची दिशा मात्र भिन्न आहे. ‘टास’मध्ये स्टेरॉइडचे थेंब, तर संसर्गात डोळ्यात प्रतिजैविकांचे इंजेक्शन द्यावे लागते. संसर्गाला ‘टास’ समजून घालविलेले काही तासही दृष्टी हिरावू शकतात. त्यामुळे शंका असल्यास डोळ्यातील द्रवाचा नमुना तपासणीस पाठवून संसर्ग गृहीत धरूनच उपचार केले जातात.

निदानावरच चौकशीची दिशाही ठरते. एकाच दिवशीचे अनेक रुग्ण बाधित झाल्यास द्रावणाचा बॅच क्रमांक, उपकरणे धुण्याची पद्धत आणि ऑटोक्लेव्हची नोंद तपासावी लागते. या नोंदी नसतील, तर दोष व्यक्तीवर ढकलला जातो आणि कारण तसेच राहते. शस्त्रक्रियांच्या संख्येइतकेच महत्त्व पहिल्या आठवड्यातील पाठपुराव्याला दिले, तरच दूरच्या गावातील रुग्ण रायपूरला वेळेत पोहोचेल.