दोन षष्ठ्यांचा वाद : ओलिव्हिए रुआ यांचा पश्चिमेतील इस्लामविषयक विचार

पश्चिम युरोपातील मुसलमानांचे जीवन आणि त्यांच्यातील काही तरुणांची हिंसक वृत्ती यांचा अभ्यास करणाऱ्यांत फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ ओलिव्हिए रुआ (जन्म 1949) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. ‘राजकीय इस्लामचे अपयश’ (1992), ‘जागतिकीकृत इस्लाम’ (2002), ‘पवित्र अज्ञान’ (2008) आणि ‘जिहाद आणि मृत्यू’ (2016) या ग्रंथांतून त्यांचे विचार क्रमाने विकसित झाले आहेत. ते ज्या एका सूत्रात सांगितले जातात, ते सूत्र भाषाभ्यासकाने विशेष लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे : आपल्यासमोरील प्रश्न ‘इस्लामच्या जहालीकरणा’चा नसून ‘जहालपणाच्या इस्लामीकरणा’चा आहे.

वरवर पाहता ही केवळ शब्दांची अदलाबदल वाटते. परंतु अशा क्रियावाचक नामांबरोबर येणारी षष्ठी त्या क्रियेचा परिणाम कोणावर होतो हे दर्शविते. पहिल्या रचनेत इस्लाम ही मूळ वस्तू असून तीच जहाल होत जाते. दुसऱ्या रचनेत जहालपणा आधीपासूनच असून त्याला इस्लामचे रूप येते. पहिली रचना स्वीकारणारा संशोधक धर्मग्रंथ, मशिदी आणि धर्मोपदेशक यांच्याकडे वळेल. दुसरी स्वीकारणारा तरुणांच्या चरित्रांकडे वळेल. ‘जहाल’ हा शब्द आपल्याकडे टिळकपक्षाच्या राजकारणामुळे रूढ झाला असल्याने त्यात धर्मापेक्षा राजकीय वृत्तीचा बोध अधिक होतो. रुआ यांचा अभिप्राय मराठीत मांडताना हे सोयीचेच ठरते.

रुआ यांनी स्वतः दुसरा मार्ग पत्करला. 1994 पासूनच्या सुमारे दोन दशकांत फ्रान्समधील दहशतवादी कृत्यांत गुंतलेल्या, अथवा फ्रान्समधून जिहादासाठी बाहेर गेलेल्या, सुमारे शंभर व्यक्तींची माहिती त्यांनी तपासली. त्यांत सुमारे 60 टक्के स्थलांतरितांच्या दुसऱ्या पिढीतील, तर जवळजवळ चतुर्थांश धर्मांतर करून मुसलमान झालेले होते. सखोल धर्मशिक्षण क्वचितच कोणी घेतले होते; किरकोळ गुन्हेगारीचा पूर्वेतिहास मात्र अनेकांना होता. 13 नोव्हेंबर 2015 च्या पॅरिस हल्ल्यांतील अब्देसलाम बंधू काही आठवड्यांपूर्वीपर्यंत ब्रसेल्समध्ये मद्यगृह चालवीत होते, ही गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे.

दुसरीच पिढी का, या प्रश्नाचे रुआ यांनी दिलेले उत्तर संस्कृतिविच्छेदाच्या कल्पनेवर आधारलेले आहे आणि येथे भाषेचा संबंध येतो. उत्तर आफ्रिकेतून आलेल्या आईबापांचा धर्म त्यांच्या बोलीत मुरलेला होता. बोली अरबी अथवा बर्बर भाषेतील म्हणी, अभिवादने, सणवार आणि पीरांच्या स्थानांविषयीच्या श्रद्धा यांपासून तो वेगळा काढता येत नसे. मुले फ्रेंच बोलू लागली तेव्हा हा भाग पुढे आला नाही. जे भाषांतरित होऊ शकते तेवढेच, म्हणजे विधिनिषेध, उरले. असा ‘शुद्ध’ धर्म आईबापांच्या धर्माला अपुरा, किंबहुना भ्रष्ट ठरवितो, आणि पिढ्यांच्या संघर्षाला पवित्र शब्द मिळतात. तुर्की स्थलांतरितांत हे प्रमाण अल्प का, याचेही स्पष्टीकरण रुआ यांनी दिले आहे : त्यांच्यात भाषा टिकली, आणि तुर्की शासनाने पाठविलेल्या इमामांमुळे परंपरेचे सातत्यही राखले गेले.

ही प्रक्रिया केवळ इस्लामपुरती नाही, असे ‘पवित्र अज्ञान’ या ग्रंथाचे म्हणणे आहे. पेंटेकोस्टल ख्रिस्ती पंथातील भक्त आवेशात कोणत्याही ज्ञात भाषेत न मोडणारे ध्वनी उच्चारतात. तेथे संदेश पोहोचण्यास भाषाज्ञानाची आणि तिच्यातील संस्कृतीची गरजच मानली जात नाही. ग्रंथाच्या नावातील अज्ञान ते हेच.

या विचारावर सर्वांत कठोर टीका झील केपेल यांनी केली आहे. मार्च 2016 मध्ये ‘लिबेरासियाँ’ या दैनिकात बर्नार रूजिए यांच्यासह लिहिलेल्या लेखात त्यांनी ‘जहालीकरण’ या शब्दालाच आक्षेप घेतला. त्यांच्या मते हा शब्द सर्व प्रकारच्या हिंसेला एकाच मापाने मोजतो आणि जिहादी विचारसरणीचे वेगळेपण झाकून टाकतो. अबू मुसअब अल्-सूरी याने 2005 च्या सुमारास प्रसृत केलेले अरबी लेखन आणि फ्रेंच उपनगरांतील सलफी पंथाचा प्रसार हे अभ्यासाचे केंद्र असावे, असा त्यांचा आग्रह आहे.

या आक्षेपात तथ्य आहे. बंडखोर तरुणाला अनेक ध्वज उपलब्ध असता त्याने हाच का उचलला, याचे उत्तर चरित्रांच्या गोषवाऱ्यातून पूर्णपणे मिळत नाही. त्यासाठी मूळ ग्रंथ मूळ भाषेत वाचावेच लागतात. शिवाय शंभर व्यक्तींवरून निघालेले अनुमान फ्रान्सबाहेर लावताना सावधगिरी हवी. तथापि ग्रंथातील मजकूर तरुणाच्या मनात कोणत्या वाटेने उतरला, हे केवळ ग्रंथ वाचून कळत नाही. तेथे रुआ यांची पद्धती अपरिहार्य ठरते.

या वादाचे परिणाम विद्यापीठापुरते मर्यादित नाहीत. पहिली षष्ठी शासनाने गृहीत धरली, तर नियमित नमाज पढणारा वृद्ध कामगार संशयाच्या कक्षेत येतो आणि त्या नमाजाशी कधीच संबंध नसलेला तरुण कक्षेबाहेर राहतो. दुसरीच तेवढी गृहीत धरली, तर प्रचारकाची जबाबदारी नजरेआड होण्याचा संभव असतो. म्हणून या विषयावरील कोणतेही लेखन वाचताना अभ्यासकाने प्रथम त्यातील षष्ठी कोणाची आहे हे पाहावे, आणि तिच्यात सिद्ध काय केले आहे व गृहीत काय धरले आहे, याची वेगवेगळी नोंद करावी.